शासकीय भेट (राष्ट्रप्रमुखांची)

शासकीय भेट : एका सार्वभौम राष्ट्राच्या प्रमुखाने दुसऱ्या राष्ट्राच्या प्रमुखाच्या निमंत्रणावरून आणि पूर्ण राजशिष्टाचारासह केलेली भेट. राष्ट्रप्रमुखाच्या परदेशगमनाचे हे सर्वांत वरच्या दर्जाचे रूप होय. निमंत्रण राष्ट्रप्रमुखाच्या नावाने जाते, पण कोणाला व कधी बोलवायचे हे बहुधा सरकार ठरवते. पाहुण्याच्या निवासाचा व पाहुणचाराचा खर्च सामान्यतः यजमान राष्ट्र उचलते.

वृत्तपत्रांतून या अर्थी ‘राजकीय भेट’ असा शब्द आढळतो. हिंदीत ‘राजकीय’ म्हणजे राज्यसंस्थेचे. मराठीत मात्र या शब्दाला राजकारणाचा वास आहे. मराठीत अंत्यसंस्कारसुद्धा ‘शासकीय इतमामात’ होतात, राजकीय नव्हे. त्यामुळे येथे ‘शासकीय भेट’ हीच संज्ञा वापरली आहे.

‘राजशिष्टाचार’ हा ‘प्रोटोकॉल’चा रूढ पर्याय. मूळ ग्रीक शब्द ‘प्रोटोस’ (पहिला) व ‘कोल्ला’ (सरस, डिंक) यांपासून बनला आहे. पपायरसच्या गुंडाळीला सुरुवातीस चिकटवलेले पान, असा त्याचा अर्थ. पुढे तो दस्तऐवजाच्या अधिकृत मसुद्याला, मग तहाच्या नोंदींना आणि सर्वांत शेवटी समारंभाच्या नियमांना लागला. मराठी पर्यायात राजा आला, शिष्टपणा आला. कागद तेवढा निसटला. राजशिष्टाचार अधिकाऱ्याचे निम्मे काम अजूनही कागदाचेच असते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : राजाने राजाला भेटणे ही फार काळ टाळण्याचीच गोष्ट होती. इजिप्तमधील अमार्ना येथे सापडलेल्या इ. स. पू. चौदाव्या शतकातील पत्रव्यवहारात राजे एकमेकांना ‘बंधू’ म्हणतात, सोने मागतात, मुलींच्या सोयरिकी जुळवतात; पण जा-ये होते ती दूतांची. प्रत्यक्ष भेटीतील अडचण एकच : एका छताखाली दोन सार्वभौम आले की, धाकटा कोण? आजचे बहुतेक नियम हा प्रश्न उठूच नये यासाठी बनले आहेत, असे म्हणण्यास जागा आहे.

याचे बोलके उदाहरण १३७८चे. पवित्र रोमन सम्राट चौथा चार्ल्स जानेवारीत पॅरिसला आला, तेव्हा त्याचा भाचा व यजमान, फ्रान्सचा राजा पाचवा चार्ल्स, याने त्याला बसायला काळा घोडा पाठवला. सम्राट आपल्या अंमलाखालील नगरांत पांढऱ्या घोड्यावरून प्रवेश करीत. पॅरिस त्या अंमलाखाली नाही, हे एक शब्दही न बोलता सांगितले गेले. स्वतः राजा मात्र पांढऱ्या घोड्यावर होता. १४१६ मध्ये सिगिस्मुंड (पुढे पवित्र रोमन सम्राट) इंग्लंडच्या किनाऱ्याला लागला, तेव्हा ग्लॉस्टरच्या ड्यूकने उपसलेल्या तलवारीनिशी समुद्रात घोडा घालून, ‘येथे सम्राटाचा हक्क सांगणार नाही’ असे त्याच्याकडून वदवून घेतले, अशी कथा आहे. ती उत्तरकालीन वाटते. पण तिच्यातील शंका त्या काळाचीच आहे.

भीती केवळ मानापमानाची नव्हती. १० सप्टेंबर १४१९ रोजी मोंतेरो येथील पुलावर फ्रान्सच्या युवराजाच्या भेटीस आलेल्या बर्गंडीच्या ड्यूकचा खून झाला. त्या पुलावर मध्ये घातलेल्या कठड्याला ये-जा करण्यास दार होते. पुढे २९ ऑगस्ट १४७५ रोजी पिकिन्यीच्या पुलावर अकरावा लुई व इंग्लंडचा चौथा एडवर्ड भेटले, तेव्हा मध्ये भक्कम लाकडी जाळी घातली होती आणि तिला दार ठेवलेच नव्हते. १५२० च्या जूनमध्ये आठवा हेन्री व पहिला फ्रान्सिस कॅलेजवळच्या माळावर जरीच्या तंबूंत भेटले, तेही दोघांच्या मुलखांच्या सीमेवर. एक दुसऱ्याच्या घरी गेला असे होऊ नये म्हणून. १८०७ मध्ये नेपोलियन व झार अलेक्झांडर यांच्यासाठी तर नेमान नदीच्या मध्यावर तराफा बांधण्यात आला.

पाहुणा म्हणून सरळ दुसऱ्याच्या घरी जाण्याची रीत एकोणिसाव्या शतकात रुळली. १८४३ मध्ये व्हिक्टोरिया राणी लुई-फिलिपच्या भेटीस नॉर्मंडीत गेली. आठव्या हेन्रीनंतर इंग्लंडच्या सिंहासनाधीशाने फ्रान्सच्या राजाला भेटीस जाण्याचा हा पहिलाच प्रसंग मानतात. पुढच्या वर्षी लुई-फिलिप विंडसरला आला. आपण होऊन इंग्लंडच्या भेटीस आलेला तो पहिला फ्रेंच राजा मानतात. ‘आपण होऊन’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण चौदाव्या शतकात दुसरा जॉन आला होता तो युद्धकैदी म्हणून. १८४३ची भेट घरगुती स्वरूपाची होती. आधुनिक अर्थाने शासकीय भेट म्हणायची तर ती १८५५ मधील तिसऱ्या नेपोलियनची विंडसर-भेट व व्हिक्टोरियाची पॅरिसची परतभेट, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अमेरिकेत आलेला पहिला राज्यकर्ता राजा म्हणजे हवाईचा कालाकाउआ (१८७४).

मानक्रम : राजदूतांतील मानक्रमाचे तंटे रक्तपातापर्यंत जात. १६६१ मध्ये लंडनमध्ये स्वीडनच्या नव्या राजदूताच्या मिरवणुकीत पुढची जागा कोणाच्या बग्गीची, यावरून फ्रेंच व स्पॅनिश वकिलातींच्या माणसांत लढाई झाली. घोडे बग्गीपासून तोडले जाऊ नयेत म्हणून स्पॅनिशांनी दोरांत लोखंडी साखळ्या गुंतवल्या होत्या. सरशी त्यांची झाली. चौदाव्या लुईने युद्धाची धमकी देऊन पुढच्या वर्षी स्पेनला माघार घ्यायला लावली. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेने यावर तोडगा काढला : राजदूताच्या आगमनाची अधिकृत वर्दी ज्या दिवशी पोचली, त्या तारखेने त्याचा क्रम. राष्ट्र लहान की मोठे हा प्रश्नच उरला नाही. अनेक राष्ट्रप्रमुख एकत्र येतात तेव्हा पदग्रहणाच्या तारखेचा निकष पुष्कळ ठिकाणी पाळतात, तो याच विचाराचा विस्तार होय.

ही व्यवस्था पाहणारे स्वतंत्र पद फ्रान्समध्ये १५८५ पासून, इंग्लंडमध्ये १६०३ पासून आढळते. अमेरिकेत राजशिष्टाचाराचे वेगळे कार्यालय १९२८ मध्ये झाले.

तोफांची सलामी : राष्ट्रप्रमुखास २१ तोफा हा संकेत आज जवळजवळ सर्वत्र आहे. अमेरिकेत शासनप्रमुखास (पंतप्रधान वगैरे) १९ देतात. २१ हाच आकडा का, याविषयी मतभेद आहेत.

सलामीमागील कल्पना स्पष्ट आहे. तोंडाकडून भरायच्या तोफा एकदा उडवल्या की पुन्हा भरायला वेळ लागे. तोफा रिकाम्या करणे म्हणजे आपण निःशस्त्र आहोत असे दाखवणे. विषम आकडा शुभ व सम आकडा शोकाचा, हा जुना आरमारी समज. जहाजावरून ७ बार काढीत, हेही बहुतेकांना मान्य आहे. ७ कशामुळे, तर ग्रह, चंद्रकला, बायबल अशी नेहमीची यादी पुढे येते. किनाऱ्यावरची तोफखान्याची ठाणी एका बाराला तीन बारांनी उत्तर देत, म्हणून ७ × ३ = २१, हे प्रचलित स्पष्टीकरण. त्याला जोडून असे सांगतात की, जुनी दारू सोडियम नायट्रेटची असे व ती समुद्रावर सर्दावे. पुढे पोटॅशियम नायट्रेट आल्यावर जहाजांनाही २१ बार परवडू लागले.

या दुसऱ्या भागाला रसायनाचा आधार मिळत नाही. तोफेची दारू पहिल्यापासून सोऱ्याची, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटचीच होती. सोडियम नायट्रेटची दारू ही एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची गोष्ट असून (अमेरिकेतील ड्युपाँ यांचे पेटंट १८५७चे) ती सुरुंगांसाठी होती, तोफांसाठी नव्हे. सोडियम नायट्रेट हवेतील ओल शोषते हे खरे; पण क्रम उलटा आहे. शिवाय दारू सर्दावते एवढ्यावरून एकास तीन हेच प्रमाण निघत नाही. किनाऱ्यावर दारूचा साठा मोठा, म्हणून उत्तर अधिक बारांचे, इतकेच मान्य करणे सुरक्षित.

अमेरिकेतील २१ बारांचा उगम स्वतंत्र असण्याची शक्यता आहे. तेथे १८१० मध्ये राष्ट्रीय सलामी राज्यांच्या संख्येइतकी, म्हणजे १७ ठरली. आरमाराच्या १८१८ च्या नियमांत अध्यक्षांसाठी २१चा आकडा येतो. त्याच वर्षी राज्यांची संख्याही २१ झाली. लष्करी परंपरा मात्र अध्यक्षांच्या सलामीसाठी १८४२ हे वर्ष देते. १८७५ मध्ये ब्रिटनच्या सूचनेवरून दोन्ही देशांनी ‘बारास बार’ हे तत्त्व मान्य केले. पुढचा-मागचा हा हिशेब तेथून मिटला. म्हणून आजच्या २१चे श्रेय सातच्या पावित्र्यापेक्षा १८७५ च्या कारकुनी तडजोडीला देणे बरे.

आकडा फुगवता येतो हे ब्रिटिश साम्राज्याने दाखवले. हिंदुस्थानातील संस्थानिकांना ९ पासून २१ पर्यंत चढत्या तोफा होत्या, व्हाइसरॉयला ३१ आणि सम्राटाला १०१. लंडनमध्ये आजही मूळ २१ मध्ये भर पडते : राजोद्यानात झडल्यास २० अधिक, म्हणून ४१, टॉवर ऑफ लंडन हा राजवाडा व किल्ला असल्याने २० आणि शहराच्या वतीने आणखी २१, असे मिळून ६२.

भेटीचे प्रकार : अमेरिकेत शासकीय, अधिकृत, अधिकृत कामकाजी, कामकाजी व खाजगी अशी उतरती भाजणी आहे, शासकीय भेट राष्ट्रप्रमुखाची आणि अधिकृत भेट शासनप्रमुखाची. ब्रिटनमध्ये वर्षाला साधारण दोनच शासकीय पाहुणे येतात. भारतासारख्या काही देशांत पंतप्रधानांच्या भेटीसही ‘शासकीय’ हाच दर्जा मिळतो. प्रकार ठरला की मेजवानी, मानवंदना, मुक्कामाच्या रात्री हे बहुतेक आपोआप ठरते.

पूर्वतयारी : तारखा निश्चित झाल्यावर पाहुण्या राष्ट्राचे आगाऊ पथक येते. ते विमानतळापासून शयनगृहापर्यंत प्रत्येक ठिकाण पायाखालून घालते : विमानाचा जिना कोठे लागेल, पायघड्या कोणत्या दारी संपतील, कोण कोणाच्या उजवीकडे उभा राहील, छायाचित्रकार कोठे. त्यातून मिनिट टू मिनिट कार्यक्रम तयार होतो व त्याची रंगीत तालीम होते. राष्ट्रप्रमुखाचे विमान ‘शासकीय विमान’ असल्याने १९४४ च्या शिकागो करारानुसार वाटेतील प्रत्येक देशाची परवानगी लागते. अंगरक्षकांची शस्त्रे व बिनतारी संदेशांच्या लहरी यांनाही यजमानाची संमती घ्यावी लागते, आणि वाद सर्वांत अधिक याच कलमांवर होतात. ध्वजाचे प्रमाण, राष्ट्रगीताची मान्य धून, पथ्ये, रक्तगट ही माहिती दूतावासाकडून लेखी घेतात. स्मरणावर भिस्त ठेवत नाहीत. पाहुण्याचे राष्ट्रगीत सहसा आधी वाजते.

चुका होतात त्या बहुधा इशाऱ्यांच्या व शब्दांच्या. डिसेंबर १९७७ मध्ये वॉर्सा विमानतळावर अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी पोलिश जनतेच्या इच्छा-आकांक्षांचा उल्लेख केला. दुभाष्याने निवडलेल्या शब्दाला कामवासनेची छटा होती. १९८२ मध्ये रेगन यांनी ब्राझीलच्या राजधानीत बोलिव्हियाच्या जनतेसाठी चषक उंचावला. २०११ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात ओबामा यांनी राणीचे नाव घेताच वाद्यवृंदाला तोच इशारा वाटला. राष्ट्रगीत सुरू झाले तरी ते बोलतच राहिले. ६ एप्रिल २०२१ रोजी अंकारा येथे युरोपीय संघाच्या दोन प्रमुखांसमोर यजमानांशेजारी खुर्ची एकच होती, आणि युरोपीय आयोगाच्या अध्यक्षा उर्झुला फॉन डेर लायन यांना बाजूच्या सोफ्यावर बसावे लागले. ती शासकीय भेट नव्हती. पण खुर्ची मोजणे हे कोणाचे काम, हा वाद दोन्ही बाजूंनी बराच चालला.

पायघड्या : लाल रंगाच्या उगमासाठी एस्किलसच्या ‘अ‍ॅगमेम्नॉन’ (इ. स. पू. ४५८) या नाटकाचा दाखला नेहमी देतात. तेथील वस्त्रे जांभळट आहेत, आणि त्यांवरून चालणारा राजा पुढच्याच प्रवेशात मारला जातो. स्वागताचा पूर्वज म्हणून हा दाखला विचित्रच. सौदी अरेबियाने २०२१ मध्ये लाल सोडून फिकट जांभळ्या पायघड्या स्वीकारल्या.

मेजवानी व जोडीदाराचा स्वतंत्र कार्यक्रम यांविषयी लिखित नियम थोडे असून देशोदेशी रीत वेगळी आहे.

कायदेशीर स्थान : राजनैतिक संबंधांविषयीचा १९६१चा व्हिएन्ना करार येथे लागू होतो असा समज आहे; वस्तुतः तो कायमच्या वकिलातींपुरता आहे. भेटीवर आलेल्या राष्ट्रप्रमुखाचे अभयत्व (यजमान देशाच्या कायदेशीर कारवाईपासूनचे संरक्षण) मुख्यतः रूढ आंतरराष्ट्रीय कायद्यातून येते. विशेष शिष्टमंडळांविषयीचा १९६९चा करार (अंमल १९८५ पासून) त्याला दुजोरा देतो, पण त्यात सामील राष्ट्रे कमी आहेत. १९७३ च्या करारान्वये परदेशी असलेल्या राष्ट्रप्रमुखावरील हल्ला रोखणे व हल्लेखोरास शिक्षा करणे यजमानावर बंधनकारक आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००२ रोजी काँगो विरुद्ध बेल्जियम या खटल्यात पदावरील परराष्ट्रमंत्र्याचे अभयत्व मान्य करताना राष्ट्रप्रमुखाचाही उल्लेख केला.

भेटवस्तू : नेदरलँड्सने १६५१ मध्येच आपल्या वकिलांना परकीय नजराणे घेण्यास मनाई केली होती. अमेरिकी संविधानात संसदेच्या संमतीवाचून अशा भेटी घेण्यास बंदी आहे. तेथील १९६६ च्या कायद्यानुसार ठरावीक किमतीपुढील वस्तू स्वीकारली तरी ती सरकारची ठरते. ही किंमतमर्यादा दर तीन वर्षांनी बदलते. व्यक्तीला ती वस्तू हवी असल्यास बाजारभावाने विकत घ्यावी लागते.