जुन्या गाडीचा ‘फट्’ आवाज कुठून येतो?

कार्बोरेटरवर (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागावर) चालणारी जुनी गाडी अचानक फटफट आवाज करू लागली, की बहुतेकांचा हात आधी कार्बोरेटरच्या स्क्रूकडे जातो. तो तिथे पोचण्याआधी थांबवायला हवा. आवाज बॉनेटखालून येतो की सायलेन्सरमधून? ठरावीक लयीत येतो की कसाही? रेस देताना येतो की पाय काढल्यावर? निदानाचा निम्मा भाग या तीन प्रश्नांच्या उत्तरांत असतो. आधीच स्क्रू फिरवला तर मूळ दोषात नवा दोष मिसळतो आणि आवाजाने दिलेला पुरावा हातचा जातो.

हा आवाज म्हणजे चुकीच्या जागी झालेले ज्वलन. पेट्रोल-हवेचे मिश्रण सिलिंडरमध्ये, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना जळले, तर पिस्टन ढकलला जातो. तेच मिश्रण सायलेन्सरच्या नळीत किंवा इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या नळीत, पेटले, तर नुसता धमाका होतो. इथे वेळ फार थोडा असतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. शिवाय ठिणगी पडली म्हणून सगळे मिश्रण एका क्षणात जळत नाही. ज्योत प्लगपासून पसरत जाते, म्हणूनच पिस्टन वर पोचण्याच्या थोडे आधी ठिणगी पाडतात. हे ‘थोडे आधी’ बिघडले, ठिणगी कमजोर पडली किंवा ज्योत मंदावली, की फटफट सुरू होते.

सायलेन्सरमधला आवाज आधी घेऊ, कारण त्याचे मूळ बहुधा इग्निशनमध्ये सापडते. एखादी ठिणगी हुकली की न जळलेले मिश्रण तसेच तापलेल्या नळीत जाते आणि पुढच्या सिलिंडरच्या गरम वायूने पेटते. गाडी मिसिंग करते आणि मागून फटाकेही फुटतात, ही जोडी त्यामुळेच एकत्र दिसते.

जुन्या गाड्यांतली पॉइंट (उघडझाप करणारा विजेचा स्विच), कॉइल आणि कंडेन्सरची रचना चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास विकसित केलेल्या बॅटरी-इग्निशनच्या वंशातली आहे. पॉइंट उघडतो तेव्हा कॉइलमधला प्रवाह तुटतो, तिचे चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होतात. पण प्रवाह सहजी तुटत नाही, उघडणाऱ्या पॉइंटच्या फटीतून उडी मारू पाहतो. त्या क्षणी तो पोटात घेण्याचे काम कंडेन्सर करतो. कंडेन्सर निकामी झाला की पॉइंटवरच ठिणग्या उडतात, क्षेत्र सावकाश कोसळते आणि प्लगला दुबळी ठिणगी मिळते. थोड्याच दिवसांपूर्वी बदललेले पॉइंट पुन्हा जळून खडबडीत झाले असतील, तर संशय पहिल्यांदा कंडेन्सरवर घ्यावा.

पॉइंटची फट अनेक गाड्यांत ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावा. पॉइंटची घासणारी टाच झिजून फट कमी झाली की तो उशिरा उघडतो, म्हणजे ठिणगीही उशिरा पडते. मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा आत अजून जळतच असते. म्हणून क्रम पाळावा: आधी फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) फट, मग स्ट्रोब लाइटने टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ. उलट केले तर टायमिंग पुन्हा लावावे लागते. प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाला केसाएवढी भेग असली, तरी ठिणगी तिच्यातून भलत्याच सिलिंडरकडे जाऊ शकते. अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनकडे पाहिले, तर झाकणावरून किंवा जुन्या वायरींमधून गळणाऱ्या ठिणग्या कधी कधी डोळ्यांना दिसतात. प्लगच्या वायरी नुकत्याच काढून बसवल्या असतील, तर फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, सगळ्यात आधी तपासावी. दोन वायरींची अदलाबदल झाली, तर आवाज दोन्ही बाजूंनी येऊ शकतो.

उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर मागून होणारी हलकी फटफट मात्र वेगळी. थ्रॉटल बंद असताना मिश्रण नीट पेटत नाही आणि ते नळीत जाते. तिथे एक्झॉस्टच्या गळक्या गॅस्केटमधून ताजी हवा मिळाली की आवाज वाढतो. सांध्यांवर काजळीच्या काळ्या रेघा दिसल्या, तर गळती तिथेच आहे.

आता कार्बोरेटरच्या तोंडातून येणारा आवाज. तो प्रामुख्याने पातळ मिश्रणामुळे येतो, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडल्यामुळे. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, आणि ज्योत सर्वांत वेगाने पळते ती पेट्रोल याहून किंचित जास्त असताना. मिश्रण पातळ झाले की ती रेंगाळते. इतकी, की पुढच्या फेरीसाठी इनटेक व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही आत आग शिल्लक असते. ती उलटी मॅनिफोल्डमध्ये शिरते आणि तिथले मिश्रण पेटवते.

याची मला सर्वांत आवडणारी चाचणी फुकटात होते. गरम इंजिनवर चोक (हवा कमी करणारी झडप) थोडा ओढून पाहायचा. आवाज थांबला, तर मिश्रण पातळ आहे. मग कारण शोधायचे: मॅनिफोल्डचे गॅस्केट, तडकलेली व्हॅक्यूम नळी, अडकलेला जेट (पेट्रोल मोजून सोडणारे छिद्र), अशक्त पेट्रोल पंप. फक्त एकदम रेस दिल्यावरच आवाज येत असेल, तर रेस देताच जादा पेट्रोल टाकणारा ॲक्सिलरेटर पंप पाहावा. एस.यू. जातीच्या कार्बोरेटरमध्ये असा पंप नसतो. तिथे कार्बोरेटरमधल्या पिस्टनची उचल मंदावणाऱ्या डॅम्परमधले तेल पाहावे, कारण ते संपले की रेस देताच मिश्रण क्षणभर पातळ होते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलचाही विचार करावा. शुद्ध इथेनॉलला ग्रॅममागे सुमारे ९ ग्रॅम हवाच पुरते. त्यामुळे साध्या पेट्रोलसाठी मापलेल्या जुन्या जेटमधून इथेनॉल मिसळलेले इंधन आले, की मिश्रण आपोआप पातळ होते.

या तपासणीत एअर फिल्टर काढून कार्बोरेटरवर तोंड वाकवून पाहू नये. तिथून खरीच ज्वाळा येते. अग्निशामक हाताशी असावा आणि पेट्रोलची गळती आधी थांबवलेली असावी.

कार्बोरेटरमधला आवाज घड्याळासारखा नियमित असेल, तर स्क्रू, जेट, पॉइंट सगळे बाजूला ठेवून व्हॉल्व्हकडे वळावे. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणून एकाच सिलिंडरचा दोष ठेका धरतो. टॅपेट जास्त घट्ट असल्याने, म्हणजे व्हॉल्व्हजवळची फट कमी असल्याने, इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसेल, तर ते सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या कॉम्प्रेशन गेजवर दिसते. मात्र एक दोष गेजला बऱ्याचदा चकवतो: एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलणारा कॅमचा उंचवटा झिजलेला असतो. कॉम्प्रेशन ठीक भरते, ठिणगी चांगली असते, पण जळलेल्या वायूला बाहेर जायला वाट अपुरी मिळते आणि इनटेक उघडताच तो उलटा कार्बोरेटरमधून फुटतो. अशा वेळी रॉकरवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यावर) डायल गेज लावून प्रत्येक व्हॉल्व्हची उचल मोजावी. एकाची उचल इतरांपेक्षा स्पष्ट कमी भरली, तर कॅमशाफ्ट काढावाच लागतो, आणि त्याच्यासोबत त्यावर घासणारे फॉलोअरही नवे टाकावे लागतात. जुन्या झिजलेल्या फॉलोअरवर नवा कॅम फार काळ टिकत नाही.