राजा एकदाच चालून गेला ती वाट

दक्षिण स्पेनमधल्या आर्दालेस गावाजवळ गाइतानेसची घळ आहे. तिथल्या लाकडी फळ्यांच्या वाटेवरून चालताना मध्येच थांबून पायाखाली पाहिलं, तर खाली आणखी एक वाट दिसते. गंजलेले लोखंडी रूळ, कातळात रोवलेले तिरपे आधार आणि त्यांवर सिमेंट-वाळूची जेमतेम मीटरभर रुंदीची पट्टी. मध्येच ही पट्टी पार ढासळलेली असते. तिथे नुसते रूळ उरलेत आणि रुळांमधून थेट शंभर मीटर खालची नदी दिसते.

वरची वाट 2015 सालची. हेल्मेट घालून तिच्यावर चालायला दरवर्षी सुमारे तीन लाख माणसं येतात. खालची 1905 सालची. तिच्यावर हेल्मेट नव्हतं, तिकीट नव्हतं, आणि चालणाऱ्याला ते साहसही वाटत नव्हतं. तो कामावर निघालेला असायचा.

दोन्हींचं नाव मात्र एकच, ‘कामिनितो देल रेय’, म्हणजे राजाची चिमुकली वाट. या नावात थोडी लबाडी आहे. राजा इथे आला तो एकदाच, तोही वाट बांधून सोळा वर्षं झाल्यावर.

आर्दालेस हे मालागा प्रांतातलं अडीच हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. पांढऱ्या चुन्याची घरं आणि डोक्यावर कड्याला चिकटलेला पडका किल्ला. जवळून वाहणाऱ्या नदीचं नाव ग्वादालोर्से. यातलं ‘ग्वाद’ हे अरबी ‘वादी’चं स्पॅनिश रूप. या मुलखावर अरबांनी किती काळ राज्य केलं, ते नद्यांच्या नावांत असं अजून शिल्लक आहे. ही नदी चुनखडीच्या डोंगरातून आरपार निघते. घळीच्या भिंती काही ठिकाणी तीनशे मीटर उंच, तर सर्वांत चिंचोळ्या जागी दोन्ही कड्यांत जेमतेम दहा मीटर अंतर. खालच्या तोंडाशी एल चोर्रो ही वाडी आहे. ‘चोर्रो’ म्हणजे पाण्याची चिळकांडी.

इतक्या अडचणीच्या जागी पहिल्यांदा शिरली ती रेल्वे. कोर्दोबा ते मालागा हा लोहमार्ग 1865 मध्ये सुरू झाला. घळ ओलांडण्यासाठी बोगद्यांमागून बोगदे खोदले गेले. गाडीतून जाणाऱ्याला एका बोगद्यातून बाहेर पडून दुसऱ्यात शिरेपर्यंत क्षणभर ती घळ दिसायची. रेल्वे आल्यामुळे अवजड यंत्रं या आडरानात आणणं शक्य झालं, आणि विसाव्या शतकाच्या तोंडावर इथे वीज करायची कल्पना निघाली.

हिशोब सरळ होता. घळीच्या वरच्या तोंडाशी नदी उंचावर आहे, खालच्या तोंडाशी बरीच खाली. वरचं पाणी कड्याच्या अंगाने कालव्यातून आणि बोगद्यांतून तसंच उंचावर न्यायचं आणि एल चोर्रोला आणून एकदम खाली सोडायचं. त्या धारेवर टर्बाइन फिरणार. राफाएल बेन्हुमेआ या इंजिनिअरच्या पुढाकाराने जलविद्युत कंपनी उभी राहिली आणि 1901 ते 1905 या काळात काम झालं. पण उभ्या कड्यातल्या कालव्याची देखभाल कशी करायची? दरड पडली, गाळ साचला, भिंत पाझरली, तर माणूस तिथे पोचणार कसा? म्हणून कालव्यालगत कातळात लोखंड ठोकून सुमारे तीन किलोमीटरची वाट काढली. एका टोकाला बंधारा, दुसऱ्या टोकाला वीजघर, मधल्या वाटेवर देखभालीची माणसं.

असं सांगतात, की दोरावर लोंबकळत काम करायची सवय असलेले मालागाचे खलाशी या कामावर आणले होते. शिडांच्या डोलकाठ्यांवर चढणाऱ्या माणसांना कडा नवा नसणार, त्यामुळे ही गोष्ट पटण्यासारखी आहे. वाट तयार झाल्यावर ती कंपनीची राहिली नाही. दोन्ही टोकांच्या वस्तीतली माणसं तिचा सर्रास वापर करू लागली. डोंगराला मोठा वळसा घालण्यापेक्षा घळीतून जाणं सोयीचं होतं. बाजारहाट, शाळा, नातेवाइकांकडे जाणं, सगळं याच पट्टीवरून. आज आठ वर्षांखालच्या मुलांना इथे प्रवेश नाही.

नदीचं पाणी बारमाही पुरेना म्हणून बेन्हुमेआने जवळच्या तुरोन नदीवर धरण बांधायला घेतलं. 1914 ला सुरू झालेलं काम 1921 मध्ये पुरं झालं. त्या वर्षी 21 मे रोजी राजा आल्फोन्सो तेरावा उद्घाटनाला आला. धरणाशेजारी त्याच्यासाठी दगडाची खुर्ची आणि टेबल घडवलं होतं. त्यावर बसून त्याने काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही केली. तेव्हा तो घळीतल्या वाटेवर गेला आणि वाटेला त्याचं नाव चिकटलं. बेन्हुमेआला त्याच वर्षी ‘ग्वादालोर्सेचा काउंट’ हा किताब मिळाला, पुढे तो मंत्री झाला, आणि ते धरणही आता त्याच किताबाने ओळखलं जातं. राजाला मात्र दहाच वर्षांत, 1931 मध्ये, देश सोडावा लागला. दगडी खुर्ची अजून तिथेच आहे. येणारा-जाणारा तिच्यावर बसून फोटो काढून घेतो.

हा कातळ वापरायचं डोकं बेन्हुमेआच्या हजार वर्षं आधी एका बंडखोराने चालवलं होतं. उमर इब्न हफ्सून हा धर्मांतरित मुसलमान घराण्यातला माणूस. त्याने 880 मध्ये कोर्दोबाच्या अमीराविरुद्ध बंड पुकारलं आणि बोबास्त्रो नावाच्या डोंगरी ठाण्यावरून कोर्दोबाला बेजार केलं. आर्दालेसजवळच्या पठारावरचे अवशेष बोबास्त्रोचे मानले जातात. 899 मध्ये त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या पठारावर एक चर्च आहे, बांधलेलं नाही तर वालुकाश्मात खोदून काढलेलं. लेणीच म्हणायची. खडकातच कोरलेल्या कमानी घोड्याच्या नालेच्या आकाराच्या, म्हणजे थेट कोर्दोबाच्या मशिदीच्या वळणाच्या. वैर कोर्दोबाशी आणि कमान कोर्दोबाची! पण कारागिराच्या हाताला जे वळण होतं तेच दगडात उतरणार. चर्च अर्धवटच राहिलं.

इब्न हफ्सून मेल्यानंतरही त्याच्या मुलांनी दहाएक वर्षं ठाणं लढवलं. 928 मध्ये कोर्दोबाचा अमीर तिसरा अब्द अल-रहमान याने ते घेतलं, इब्न हफ्सूनचं प्रेत उकरून काढायला लावलं आणि कोर्दोबात नेऊन वेशीवर टांगलं. पुढच्याच वर्षी त्याने स्वतःला खलिफा जाहीर केलं. हे बंड मोडलं नसतं तर त्याला ते इतक्या सहज करता आलं नसतं, असं माझं मत.

याच परिसरात 1821 साली भूकंपाने एका गुहेचं तोंड उघडं पडलं. मालागाच्या त्रिनिदाद ग्रुंद या धनिक बाईंनी शतकाच्या मध्याला ती विकत घेतली आणि आत पायऱ्या करून लोकांना दाखवायला सुरुवात केली. म्हणजे आर्दालेसमधलं तिकीट काढून पाहण्याचं पर्यटन घळीतल्या वाटेपेक्षा जुनं आहे. भिंतीवरची चित्रं अश्मयुगीन आहेत हे 1918 मध्ये फ्रेंच अभ्यासक आंरी ब्रई यांनी ओळखलं. इथल्या लवणस्तंभांवरचे तांबडे ठिपके निदान 64 हजार वर्षांपूर्वीचे, म्हणजे बहुधा निअँडर्थल माणसाचे, असं 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात म्हटलं आहे. या कालमापनावर वाद चालू आहे. गुहेत आजही मोजक्याच लोकांना सोडतात.

घळीतल्या वाटेचं पुढे व्हायचं तेच झालं. दुरुस्ती थांबली, सिमेंट गळालं, रूळ उघडे पडले. आणि वाट अशी मोडकळीला आल्यावरच तिची कीर्ती झाली. एल चोर्रोच्या चुनखडीच्या भिंतींवर गिर्यारोहक येऊ लागले होते. युरोपात इतरत्र बर्फ असताना इथल्या कड्यांवर कोवळं ऊन असतं, त्यामुळे हे त्यांचं हिवाळ्यातलं माहेरघर बनलं. आज इथे चढाईचे हजाराहून जास्त मार्ग आहेत. आपल्या कड्यांपर्यंत पोचायला ते या तुटक्या वाटेने जायचे, कातळाला ताणलेल्या तारेत स्वतःला अडकवून. बघता बघता ‘जगातली सर्वांत धोकादायक वाट’ हा बोलबाला झाला. 1999 आणि 2000 मध्ये इथे माणसं पडून मेली. मग प्रशासनाने दोन्ही टोकांचे तुकडे तोडून वाट बंद केली आणि शिरणाऱ्याला 6000 युरो दंड लावला. तरी लोक शिरतच होते.

शेवटी वास्तुविशारद लुईस माचुका यांच्या आराखड्यानुसार जुन्या वाटेच्या डोक्यावर नवी बांधली आणि मार्च 2015 मध्ये ती उघडली. एकूण चाल 7.7 किलोमीटरची, त्यातल्या 2.9 किलोमीटर फळ्या. आर्दालेसच्या बाजूने शिरायचं, एल चोर्रोला बाहेर पडायचं, उलट फिरायचं नाही. शेवटचा झुलता पूल ओलांडताना वारा असला की भलेभले गप्प होतात. जुनी वाट पाडून टाकली नाही, ती खाली तशीच ठेवली, हा निर्णय मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

ज्यांना उंची सोसत नाही ते वर जलाशयात कयाक चालवतात. निळंहिरवं पाणी, काठाला पाइनची झाडं. धरणं पुढे आणखी झाली. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला शेजारच्या ग्वादालतेबा नदीवरच्या धरणाखाली पेन्यारुबिया हे अख्खं गाव गेलं. धरणग्रस्त हा शब्द मराठीत समजावून सांगावा लागत नाही. माणसं मालागाकडे आणि जिथे जागा मिळाली तिथे पांगली. गावाची नगरपालिका बरखास्त झाली आणि पाण्याबाहेर उरलेली शिवारं शेजारच्या कांपिल्योसला जोडली गेली.