दुतोंड्या मारुती आणि पोहणाऱ्याचं कोपर

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिकमध्ये एकच प्रश्न फिरतो: नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं? गुडघ्याला, कमरेला की छातीला? पूर मोजायची ही आमची पट्टी. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, तेव्हा ‘गंगेला पूर आला’ ऐकून बाहेरगावच्यांनी दचकू नये.) मी मात्र गेली दोन वर्षं त्या मूर्तीकडे वेगळ्याच कारणाने बघतो. वाहतं पाणी मारुतीसमोर फुगून वर चढतं आणि पाठीमागे खळगा पडून भोवरे गरगरतात. समोर दाब जास्त, मागे कमी. या फरकामुळे पाणी त्याला सतत रेटत राहतं. तो हलत नाही, ही त्याची कमाल.

त्र्यंबक रोडवरच्या सावरकर जलतरण तलावावर सकाळच्या सहाच्या बॅचला मी नेमका तसाच पोहत होतो. तिथे पाणी वाहतं आणि मारुती उभा. इथे पाणी उभं आणि मी आडवा मारुती. लहानपणी पाठीला डबा बांधून नदीत शिकलेलो. सूर मारायला भीती नाही, तासभर तरंगायलाही हरकत नाही, पण फ्रीस्टाइलच्या दोन फेऱ्या झाल्या की कठडा धरून धापा टाकायचो. शेजारच्या लेनमधली बाराएक वर्षांची काटकुळी मुलगी मात्र गप्पा मारत दहा फेऱ्या काढायची. म्हणजे प्रश्न ताकदीचा नव्हता.

पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट आहे, आणि त्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे लागणारी शक्ती जवळजवळ वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 10 टक्के जास्त वेगाने जायचं तर साधारण 33 टक्के जास्त शक्ती हवी. पंचेचाळिशीत ती आणायची कुठून? त्यापेक्षा पाण्याला अडवणं कमी करावं, हे स्वस्त. माझी अडवणूक मानेपासून सुरू होत होती. छातीत हवा भरलेली असल्यामुळे धड तरंगतं, पाय मात्र मुळातच जड. त्यात समोर बघायला मान वर काढली की तराजूसारखं दुसरं पारडं खाली जातं. पाय बुडाले की छातीपासून मांड्यांपर्यंत सगळं अंग पाण्याला आडवं येतं.

हे कळल्यावर मी रात्री जेवणं झाल्यावर मोठ्या खेळाडूंचे पाण्याखालचे संथ गतीतले व्हिडिओ बघायला लागलो. आधी फसलोच. चीनचा सुन यांग 2012च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 1500 मीटर 14 मिनिटं 31.02 सेकंदांत पोहला, तेव्हा तो 50 मीटरला जेमतेम 27–28 हात मारत होता. (पुढे उत्तेजक चाचणीच्या प्रकरणात त्याच्यावर बंदी आली, ती गोष्ट वेगळी.) माझे 56 व्हायचे. मग मी प्रत्येक हातानंतर नुसताच घसरत राहायला लागलो. आठवडाभरात आकडा 46वर आला. बायकोला मोठ्या अभिमानाने सांगितलं. तिने विचारलं, “आणि वेळ?” वेळ चार सेकंदांनी वाढली होती. वेग म्हणजे एका हातात कापलेलं अंतर गुणिले हातांची गती. मी एक वाढवताना दुसरी मारून टाकली होती. शिवाय घसरताना वेग पडतो आणि तो पुन्हा उभा करायला जास्तीची शक्ती जाते, सिग्नलला थांबत जाणाऱ्या रिक्षासारखं. सुन यांगची उंची दोन मीटरच्या आसपास, माझी साडेपाच फूट, हेही मी सोयीस्कर विसरलो होतो.

अमेरिकेची केटी लेडेकी बघितली तर आणखीच गोंधळ. 800 मीटरचं सुवर्ण तिने 2012 ते 2024 असं सलग चार ऑलिंपिकमध्ये जिंकलं. पण तिचे हात समान लयीत पडतच नाहीत. टांग्याच्या घोड्यासारखं टप-टप्प, टप-टप्प, एक बाजू लांब, दुसरी आखूड. आमच्या बॅचमध्ये कुणी असं पोहलं तर सर शिट्टी वाजवून थांबवतील. म्हणून मी ठरवलं की एकेका खेळाडूची लकब उचलायची नाही. ज्यांचं एकमेकांशी काहीच जुळत नाही, त्यांच्यात जे सारखं सापडेल तेवढंच घ्यायचं.

ते सापडलं कोपरात. हात पाण्यात पुढे गेला की हे सगळे जण कोपर वर ठेवून पंजा आणि मनगटापासूनचा हात खाली वळवतात, बोटं तळाकडे. अगदी सुरुवातीलाच हाताचा हा भाग उभ्या फळीसारखा होतो आणि मग ती फळी सरळ मागे जाते. माझा हात ताठच्या ताठ खाली दाबला जायचा. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे पाणी खाली ढकललं तर आपण वर उचलले जातो, पुढे जात नाही. म्हणजे गंमत अशी की अंगाने मासा व्हायचं आणि हाताने मारुती. हाताच्या त्या वीतदीड वीत फळीसमोर पाणी अडलं, दाब वाढला, तरच तिच्यावर रेलून अंग पुढे सरकतं.

हे कळायला तज्ज्ञांनाही वेळ लागला. इंडियाना विद्यापीठाचे प्रशिक्षक जेम्स काउन्सिलमन यांनी पाण्याखाली कॅमेरे लावून पोहणारे अभ्यासले. 1972च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सात सुवर्णं जिंकणारा मार्क स्पिट्झ त्यांचाच शिष्य. हाताचा मार्ग नागमोडी दिसला, तेव्हा हात विमानाच्या पंखासारखं काम करतो, असं त्यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला बर्नुलीच्या तत्त्वाने (प्रवाहाचा वेग वाढला की दाब कमी होतो) मांडलं. झालं, जगभर प्रशिक्षक इंग्रजी ‘एस’ काढायला शिकवू लागले. पण पोहताना अंग कुशीवर डोलतं, त्यामुळे हाताला थोडी वळणं आपोआपच येतात. पुढच्या काळात पारडं दाबाकडे, म्हणजे पाणी अडवून मागे रेटण्याकडे, झुकलं. संगणकावरच्या प्रवाहाच्या गणितांतही मुद्दाम वळवळणाऱ्या हातापेक्षा खोल, सरळ मागे जाणारा हात फ्रीस्टाइलसाठी सरस ठरला. जिंकणाऱ्याकडे बघून शिकताना हा धोका असतोच: दिसलेलं खरं असतं, कारण चुकीचं असू शकतं.

कोपराचं डोक्याला कळलं तरी हाताला कळेना. सरांनी मुठी आवळून पोहायला लावलं. पहिल्या दोन फेऱ्या नुसती फजिती. पंजा नाही तर पाणी धरायचं कशाने? तिसऱ्या फेरीत मनगट ते कोपर या भागावर पहिल्यांदा पाण्याचा भार जाणवला. मग मुठी उघडल्या आणि एकदम वल्ही हातात आल्यासारखं वाटलं. उघडलेली बोटं घट्ट जुळवू नयेत हेही तेव्हाच समजलं. त्यांच्यात किंचित फट असली तर पाणी तिथून सहज निसटत नाही, उलट पंजा थोडा मोठा असल्यासारखा काम करतो.

पायांबद्दल फार लिहीत नाही. दोन्ही हातांच्या एका फेरीमागे कमी अंतराला पायांचे सहा ठोके, लांब अंतराला अनेक जण दोनच, कारण मांड्यांचे मोठे स्नायू प्राणवायू भराभर संपवतात. मात्र आमच्याकडच्या सायकलवाल्यांची हकिगत सांगायलाच हवी. घाट चढून आलेले दणकट गडी किकबोर्ड (हातात धरायची तरंगती फळी) धरून जीव खाऊन पाय मारतात आणि जागेवरच राहतात. एक तर चक्क उलटा मागे गेला. मांड्या दगडासारख्या, पण घोटे कडक. पाऊल माशाच्या शेपटीसारखं मागे लवलं नाही की ते खुरप्यासारखं पाणी पुढे ओढतं.

एवढ्या बारकाव्यांनी फरक किती पडतो? कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं 2018च्या आशियाई स्पर्धेतलं 50 मीटर फ्रीस्टाइलचं कांस्य 0.01 सेकंदाने हुकलं. त्याची वेळ होती 22.47. त्या वेगाला 0.01 सेकंद म्हणजे सव्वादोन सेंटीमीटर, बोटाचं एक पेर.

माझं घोडं सध्या 50 हातांवर अडलंय आणि वेळ सहा सेकंदांनी कमी झालीय. परवा मुलाने काठावरून मोबाइलवर माझा व्हिडिओ काढला. मान बरी दिसली. श्वास घेताना एक गॉगल पाण्यात, एक बाहेर, हेही जमलंय. पण उजवीकडे तोंड वळवलं की डावा हात अजूनही कोपर पाडून पाणी खाली दाबतो, म्हातारा माणूस काठीवर रेलावा तसा. सोमवारपासून फक्त डाव्या हाताने पोहायचं, असं सरांनी सांगितलंय.