नांदणे

वास्तव्यवाचक अकर्मक क्रियापद. प्रयोजक रूप ‘नांदवणे’, कोकणीत ‘नांदप’. ‘राहणे’ आणि ‘वसणे’ यांहून याचा अर्थ अरुंद आहे: हक्काच्या ठिकाणी, नात्यागोत्यासह, सुखाने राहणे. भाडेकरू खोलीत राहतो, नांदत नाही.

व्युत्पत्ती संस्कृत ‘नन्द्’ (आनंदणे) या धातूपासून, प्राकृत ‘णंद’मार्गे लावतात. ध्वनीच्या बाजूने ती निर्वेध आहे. अनुनासिकयुक्त जोडाक्षरापूर्वीचा ऱ्हस्व अ मराठीत दीर्घ होतो: दन्त–दात, स्कन्ध–खांदा, तसेच नन्द–नांद. ‘आनंद’, ‘नंदन’ हे तत्सम शब्द या बदलातून सुटले. नाटकाच्या ‘नांदी’चा दाखला मात्र येथे देऊ नये, तिचा आ संस्कृतातच (नान्दी) दीर्घ आहे. अडचण अर्थाची आहे. आनंद, मग भरभराट, मग भरभराटीचे वास्तव्य, असा क्रम मानणे अधिक सयुक्तिक दिसते; कारण निव्वळ ‘राहणे’ एवढाच अर्थ आजही या क्रियापदाला पुरता चिकटलेला नाही. संतवाङ्मयात ते देव, नाम, शांती अशा कर्त्यांसह येते. ‘घरात लक्ष्मी नांदते’ हा प्रयोग त्याच वळणाचा. ‘अवदसा नांदते’ हा त्याचा उपरोधिक जोड.

विवाहित स्त्रीने सासरी राहणे हा रूढ अर्थ सर्वपरिचित आहे (‘नांदायला जाणे’, ‘नांदा सौख्यभरे’). येथे नांदणारी ती आणि नांदवणारा तो, अशी व्याकरणातच वाटणी आहे. घरजावई सासऱ्याकडे राहतो. तो ‘नांदतो’ असे कोणी म्हटलेच, तर थट्टेने.

हाच अर्थ न्यायालयातही गेला. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला जाण्यास नकार दिल्यावर पती दादाजी भिकाजी यांनी 1884 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. न्या. पिन्ही यांनी 1885 मध्ये तो फेटाळला. अपिलानंतर प्रकरण फेरसुनावणीस आले आणि न्या. फॅरन यांनी मार्च 1887 मध्ये पतीकडे जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा, असा निकाल दिला. 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई पुढे इंग्लंडात शिकून डॉक्टर झाल्या. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 9 खाली असा दावा पती किंवा पत्नी कोणीही लावू शकते. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले. बोलीत त्याला ‘नांदायला येण्याचा दावा’ म्हणतात. पत्नीने लावला तर ‘नांदवण्याचा’.