खांब का वाकला?

इंदूरच्या सांवेर रोडच्या बाजूला काळ्या मातीच्या शेतात वाकलेले खांब बघितलेत? मे महिन्यात ॲग्रीच्या पोरांना अशाच एका खांबापाशी नेलं आणि एवढंच विचारलं, हा का वाकला? आधी लेक्चर नाही की नोट्स नाहीत. प्रश्न आधी, थिअरी नंतर ही पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीने १९६९ मध्ये मेडिकलच्या मुलांसाठी सुरू केली, आणि मातीच्या फील्डवर्कला ती फारच छान बसते.

वारा, ट्रॅक्टरचा धक्का, सगळं सांगून झालं. शेतमालक काका म्हणाले जागेलाच दोष आहे, नारळसुद्धा फोडला. नारळाने माती फुगायची थांबत नाही, हे मी तिथेच स्पष्ट सांगितलं आणि कुदळ-फावडी हातात दिली.

दोन-तीन फुटांखाली तिरपी, चकचकीत ढेकळं लागली. एक मुलगी हात फिरवून म्हणाली, "सर, हे कोणी घासलंय का?" घासलंय, मातीनेच मातीला! माळव्याची काळी माती बेसाल्ट खडकाची, तिच्यात स्मेक्टाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर. त्याचा एकेक थर म्हणजे सिलिकाच्या दोन पत्र्यांमध्ये ॲल्युमिनाचा एक, आणि अशा थरांना धरून ठेवायला मध्ये फक्त कॅल्शियमसारखे आयन, पकड ढिली, म्हणून पाणी सरळ आत शिरतं आणि थर लांब सरकतात (केओलिनाइट या चिकणमातीच्या दुसऱ्या खनिजात हायड्रोजन बाँड थर घट्ट धरतात, तिथे पाण्याला शिरकावच नाही). शुद्ध स्मेक्टाइटच्या एका ग्रॅमचं आतलं-बाहेरचं क्षेत्रफळ ७०० चौरस मीटरच्या आसपास जातं, मग विचार करा किती पाणी चिकटेल! उन्हाळ्यात हीच माती आकसून भेगाळते, वरची भुरभुरीत माती भेगांत पडते, आणि पावसात खालचं फुगायला लागलं की जागा शिल्लकच नसते. मग ढेकळं एकमेकांवर तिरपी घसरतात, तीच ती चकाकी, इंग्रजीत स्लिकनसाइड. त्या ढकलाढकलीत खांब कसा सरळ राहणार?

आणि काळी म्हणजे खतावलेली हा समज सोडा, या मातीत सेंद्रिय कर्ब बहुतेक ठिकाणी १ टक्क्याच्याही आत असतो.

निघताना एकाने विचारलं, मग शेजारचा खांब उलट्या बाजूला का झुकलाय? त्याच्या एका अंगाला पाटाचं पाणी झिरपतं, दुसरं अंग कोरडं, एवढं पोरांनी टिपलंय. उत्तर मी दिलेलं नाही. ऑगस्टमध्ये ओळंबा घेऊन दोन्ही खांब पुन्हा मोजायचे ठरलेत.