ट्रॅमाडॉल ‘सौम्य’ असते, पण कुणाच्या यकृतात?

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने टॅपेंटाडॉल हे वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारे औषध एकत्र असलेल्या गोळ्या बनवायला आणि परदेशी पाठवायला मनाई केली. भारतात तयार झालेल्या या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकल्या जात असल्याचे उघडकीस आले होते. पुण्यात ही बातमी वाचून बहुतेकांनी पान उलटले असेल. आफ्रिका लांब आणि औषधाचे नावही अनोळखी. पण टॅपेंटाडॉलच्याच जातकुळीतले ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक कोथरूडपासून हडपसरपर्यंत कितीतरी घरांतल्या औषधांच्या डब्यात पडून असते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आजीला दिलेल्या गोळ्यांची उरलेली अर्धी पट्टी. ‘ही काही मॉर्फिनसारखी नाही हो, सौम्य असते,’ असे त्या पट्टीबद्दल सांगितले जाते. हा गैरसमज फक्त रुग्णांचा नव्हता, डॉक्टरांमध्येही तो बरीच वर्षे टिकून होता.

ट्रॅमाडॉल १९७७ मध्ये जर्मनीत बाजारात आले. पूर्णपणे प्रयोगशाळेत घडवलेला हा रेणू. २०१३ मध्ये कॅमेरूनमधल्या एका झाडाच्या मुळांत ट्रॅमाडॉल सापडल्याची बातमी झळकली आणि ‘निसर्गानेच दिलेले पेनकिलर’ म्हणून तिचे कौतुकही झाले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने खुलासा केला की तिथले शेतकरी स्वतः ट्रॅमाडॉल खातात, उन्हात राबणाऱ्या गुरांनाही देतात आणि ते मलमूत्रातून जमिनीत उतरते. झाड बिचारे ते मुळांनी शोषत होते. ‘नैसर्गिक आहे, म्हणजे निर्धोक’ म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

आता या औषधाच्या खऱ्या गमतीकडे येऊ. आपण गिळतो ते ट्रॅमाडॉल मेंदूतल्या म्यू रिसेप्टरला, म्हणजे मॉर्फिन जिथे बसते त्या जागेला, जेमतेम चिकटते. रक्तातून ते यकृतात पोचते. तिथे सीवायपी२डी६ नावाचे एन्झाइम त्याच्या ऑक्सिजनवरचा एक मिथिल गट छाटते आणि एम१ नावाचा नवा रेणू तयार होतो. हा एम१ म्यू रिसेप्टरला मूळ औषधाच्या जवळजवळ २०० पट घट्ट धरतो. रिसेप्टर दाबला गेला की चेतापेशीची कॅल्शियमची दारे मिटतात, पोटॅशियमची उघडतात आणि वेदनेचा निरोप पुढे जात नाही. श्वासाचा ताल धरणाऱ्या मेंदूच्या देठातल्या पेशींवरही हेच रिसेप्टर असतात, म्हणून अतिमात्रेत आधी श्वास मंदावतो. थोडक्यात, पट्टीत असतो तो कच्चा माल. ओपिऑइड, म्हणजे अफू-मॉर्फिनसारखे काम करणारे औषध, आपल्याच यकृतात तयार होते.

आणि कारखाना प्रत्येकाचा वेगळा. सीवायपी२डी६ चे जनुक २२व्या गुणसूत्रावर असते. काहींकडे त्याच्या दोन्ही प्रती निकामी असतात. युरोपीय वंशाच्या लोकांत असे शंभरात पाच ते दहा जण सापडतात, भारतीयांत त्याहून कमी. यांना ५० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलने विशेष फरक पडत नाही. काहींकडे त्याच जनुकाच्या तीन-चार प्रती असतात. त्यांच्या रक्तात तीच कॅप्सूल भराभर एम१ चढवते. या कारणासाठीच अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१७ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना ट्रॅमाडॉल देऊ नये, असे ठरवले. म्हणून ‘शेजारच्या काकांना एका गोळीत बरे वाटले’ या वाक्याला औषधशास्त्रात शून्य किंमत आहे. काकांचे यकृत काकांपाशी.

एवढ्यावर भागले असते तर ट्रॅमाडॉल म्हणजे एक लहरी ओपिऑइड, इतकेच म्हणता आले असते. पण त्याला दुसरा हातही आहे. बाजारातल्या ट्रॅमाडॉलमध्ये एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असावे तसे दोन रेणू निम्मे-निम्मे असतात. एक प्रामुख्याने सेरोटोनिनचे, दुसरा नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचे पुनर्शोषण रोखतो, म्हणजे मेंदूतल्या या निरोप्या रसायनांना परत शोषले जाऊ देत नाही. नैराश्यावरच्या गोळ्याही हेच करतात. या कामाला यकृताने केलेला बदल लागत नाही, मूळ रेणूच पुरतो.

आता दोन्ही हात एकत्र बघा. समजा रुग्ण नैराश्यासाठी फ्लुऑक्सेटीन किंवा पॅरॉक्सेटीन घेतोय आणि कंबरदुखीसाठी त्याला ट्रॅमाडॉल मिळाले. ही दोन्ही औषधे सीवायपी२डी६ ला जखडून ठेवतात. एम१ बनत नाही, दुखणे थांबत नाही, म्हणून तो दुसरी गोळी घेतो, मग तिसरी. तिकडे न बदललेले ट्रॅमाडॉल साठत जाते आणि नैराश्याच्या औषधाच्या जोडीने सेरोटोनिन चढवत राहते. थरथर, घाम, ताप, पाय आखडणे, गोंधळ आणि शेवटी आकडी. वेदना मात्र होती तिथेच. चिठ्ठीवर ट्रॅमाडॉलच्या शेजारी यांपैकी एखादे नाव दिसले, तर मेडिकलवाल्याने डॉक्टरांना फोन लावलाच पाहिजे.

आकडी ही ट्रॅमाडॉलच्या गैरवापराची खास खूण. प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा ४०० मिलिग्रॅम, ७५ वर्षांवरच्यांसाठी ३००. धोका मर्यादेपलीकडे वाढत जातो, पण आकडी मर्यादेच्या आतही येऊ शकते. अशा वेळी आपल्याकडे चप्पल किंवा कांदा हुंगवण्याची घाई होते. नाकाशी कोल्हापुरी धरा नाहीतर पैठणी, मेंदूतला विजेचा गोंधळ आपल्या वेळेलाच थांबतो. माणसाला कुशीवर करा, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवा, तोंडात चमचा घालू नका आणि आकडी किती वेळ चालते ते घड्याळात बघा. ट्रॅमाडॉल घेतलेल्याची आकडी आपोआप थांबली, तरी दवाखाना चुकवायचा नाही.

पॅरासिटामॉलसोबतची गोळी आणखी फसवी. तिच्यात साधारणपणे ३७.५ मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते, दिवसाला जास्तीत जास्त आठ गोळ्या. तलफ लागलेला माणूस बारावर गेला की ट्रॅमाडॉल ४५० मिलिग्रॅम होते आणि पॅरासिटामॉल ३९००, म्हणजे यकृताच्या सुरक्षित मर्यादेला टेकलेले. जोडीला दारू असेल, तर ती मर्यादाही खाली येते.

सवय कशी जडते, हे थोडक्यात. रिसेप्टर रोज दाबला गेला की पेशी प्रतिकार म्हणून आतली निरोपांची यंत्रणा जोरात चालवायला लागते. गोळी थांबली की तो जोर उघडा पडतो. जांभया, नाक गळणे, काटा येणे, जुलाब, पायांची तगमग. ट्रॅमाडॉलमध्ये साधारण आठातल्या एकाला याखेरीज दुसऱ्या हाताचा, म्हणजे सेरोटोनिनच्या कामाचा, हिशेबही चुकवावा लागतो. प्रचंड घबराट, हातापायांना मुंग्या, भास. म्हणून महिनोन्महिने चाललेली गोळी एका झटक्यात बंद करू नये. डॉक्टर मात्रा साधारण १० ते २५ टक्क्यांच्या पायऱ्यांनी, दर दोन ते चार आठवड्यांनी उतरवतात. एसटी स्टँडच्या भिंतीवरची ‘नकळत जेवणात मिसळा, व्यसन सोडवा’ छाप पावडर यातले काहीही करत नाही. पुण्यात येरवड्याचे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून व्यसन सोडवायचे काम करते आहे आणि १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे. सोडल्यानंतर काही आठवड्यांनी जुन्याच मात्रेवर परतणे सर्वांत घातक, कारण तोवर शरीराची सहनशक्ती ओसरलेली असते.

माणूस हलवून उठत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, ओठ निळसर, मिनिटाला जेमतेम सात-आठ श्वास असे दिसले, तर १०८ लावा आणि कुशीवर निजवा. उलटी काढायच्या फंदात पडू नका. रुग्णालयात नॅलॉक्सोन हा ओपिऑइडवरचा उतारा देतात. ते श्वास परत आणते, आकडी थांबवत नाही. शिवाय त्याचा असर तास-दीड तासात ओसरतो आणि ट्रॅमाडॉल त्यापेक्षा बराच वेळ अंगात राहते. ‘शुद्धीवर आला, घरी नेतो’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना डॉक्टर अडवतात ते याचसाठी.

कायद्याचे म्हणाल, तर ट्रॅमाडॉल मार्च २०१४ पासून शेड्यूल एच१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच आणि नोंद करूनच विकायच्या औषधांच्या यादीत आहे. मेडिकलवाल्याने वेगळ्या रजिस्टरात डॉक्टर, रुग्ण, औषध आणि संख्या लिहायची आणि ते रजिस्टर तीन वर्षे जपायचे. एप्रिल २०१८ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आले. पट्टीवर लाल अक्षरांत एनआरएक्स दिसते, ते या कायद्याचे. चिठ्ठीशिवाय ‘ओळखीचे आहेत’ म्हणून दिलेली पट्टी हा आता गुन्हा आहे. तरी या कायद्याचा एक परिणाम कुणाला नको होता तोच झाला. ट्रॅमाडॉलला कुलूप लागले आणि गैरवापराची गाडी टॅपेंटाडॉलकडे वळली, ज्याला यकृताच्या मदतीची गरजच नाही. ते थेट रिसेप्टरवर बसते.

राहिली डब्यातली अर्धी पट्टी. ‘असू दे, लागेल कधीतरी’ हा आपला स्वभाव. एरवी औषधे संडासात टाकू नका असे सांगतात, ते बरोबरच आहे. पण केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२५ मध्ये सतरा औषधांना त्यातून सूट दिली, कारण ती चुकीच्या हाती पडणे पाणी दूषित होण्यापेक्षा वाईट. त्या यादीत ट्रॅमाडॉल आहे, टॅपेंटाडॉलही. गोळ्या पट्टीतून बाहेर काढायच्या, कमोडमध्ये टाकायच्या, फ्लश करायचे. रिकामी पट्टी सुक्या कचऱ्यात.