बोर्ड फुटले, तारा कुणाकडे गेल्या?

नाशिकमध्ये वीज गेली की आजही ‘एमएसईबी’लाच फोन लावला जातो. ते मंडळ 6 जून 2005 रोजी विभागले गेले.

1948 च्या वीज पुरवठा कायद्याखाली 20 जून 1960 रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळ उभे राहिले. एकलहऱ्याच्या वीजनिर्मिती केंद्राचे संच, तिथून निघणाऱ्या अतिउच्चदाब वाहिन्या, गल्लीतली डीपी आणि घरचे बिल, सगळे एकाच दप्तरात. पारेषणाचा, म्हणजे अतिउच्चदाबाने वीज वाहून नेण्याचा, हिशेब वेगळा मांडायची वेळच येत नसे. मग गळती नेमकी कुठे, हेही झाकून राही. आंतरराज्य वाहिन्यांसाठी 1989 मध्ये पॉवरग्रिड ही केंद्राची कंपनी आली, 1999 मध्ये राज्य वीज नियामक आयोग आला आणि 2003 च्या वीज कायद्याने मंडळाची फाळणी करणे भाग पाडले. तीन कंपन्या निघाल्या: महानिर्मिती, महापारेषण, महावितरण. तिन्हींचे भाग भांडवल मात्र एमएसईबी होल्डिंग कंपनीकडे, म्हणजे राज्य सरकारकडेच. चुली तीन झाल्या, सातबारा एकाच नावावर राहिला.

महापारेषण आणि महावितरण यांच्यातली हद्द प्रत्यक्षात उपकेंद्राच्या आवारातच पडते. 220 किंवा 132 केव्हीची (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) बाजू आणि मोठे रोहित्र महापारेषणचे. बाहेर पडणारा 33 केव्ही फीडर, म्हणजे गावाकडे जाणारी वाहिनी, महावितरणचा. हद्दीवरचे मीटर दर 15 मिनिटांची नोंद ठेवतात, दिवसाचे 96 टप्पे. घोटाळा होतो तो रिलेच्या, म्हणजे बिघाड ओळखून ब्रेकरला उघडायला सांगणाऱ्या उपकरणाच्या, सेटिंगमध्ये. फीडरवर बिघाड झाला आणि त्याचा ब्रेकर वेळेत उघडला नाही, तर मागचा इनकमर (रोहित्राकडून वीज आणणारा मुख्य ब्रेकर) ट्रिप होतो आणि त्या बसवरचे, म्हणजे त्या सामायिक पट्टीला जोडलेले, सगळेच फीडर अंधारात जातात. मग दोष तारेचा की ब्रेकरचा, यावर दोन कंपन्यांत पत्रव्यवहार.

पारेषणाच्या खर्चाला मंजुरी वीज नियामक आयोग देतो. राज्यातल्या सगळ्या पारेषण परवानाधारकांचा मंजूर खर्च एकत्र करून तो वितरण कंपन्यांवर त्यांच्या कमाल मागणीतल्या वाट्यानुसार टाकला जातो. वाहिन्यांची उपलब्धता 98 टक्क्यांखाली गेली की वसुलीला कात्री लागते.

दुखणे आहे ते भार प्रेषण केंद्राचे. कुठली वाहिनी बंद करायची, कुठे भार कमी करायचा, हे ऐरोलीचे राज्य केंद्र ठरवते आणि ते महापारेषणच चालवते. वीज कायद्याच्या कलम 31 प्रमाणे सरकारने वेगळी संस्था नेमेपर्यंत हे चालते. केंद्र सरकारने हीच गाठ सोडवली: देशपातळीवर भार प्रेषण पाहणारी, पॉवरग्रिडच्या पोटातली पोसोको 2017 मध्ये स्वतंत्र झाली, आज तिचे नाव ग्रिड इंडिया. राज्यात मात्र खेळाडूच्याच घरात पंच राहतो.

आणि निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत मनोरा उभा राहतो तेव्हा मनोरा कंपनीचा, जमीन शेतकऱ्याचीच. 1885 च्या तार कायद्यातले कलम 10 फक्त वापराचा हक्क देते. भरपाईच्या रकमेवर वाद झाला तर निवाडा जिल्हा न्यायाधीशांकडे. 220 केव्ही वाहिनीखालच्या 35 मीटर पट्ट्यात मांडवाच्या लोखंडी तारांत प्रेरणाने विजेचा दाब येतो, म्हणून त्या ठिकठिकाणी अर्थ कराव्या लागतात.